मोठ्या आतड्याचा कॅन्सर : ‘तिसरी स्टेज’ एवढंच सांगितलं, बाकीच्या रिपोर्टचं काय?

काटोलची_लेक

नमस्कार. बाबा ६१ वर्षांचे, काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. बरेच महिने त्यांना थकवा होता, जिना चढला की धाप लागायची. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्या थांबल्या की हिमोग्लोबिन परत खाली. शेवटी नागपुरात दुर्बिणीची तपासणी केली तेव्हा मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ निघाली. सीटी स्कॅनमध्ये लिव्हर आणि फुप्फुसं साफ आहेत. ऑपरेशन झालं, टाके निघाले, आता घरी वरण-भात खाऊन राहिले आहेत.

काल तुकड्याचा रिपोर्ट हाती आला. सर्जननी पहिल्या पानावर नजर टाकली, “तिसरी स्टेज आहे, केमो लागेल” म्हणाले आणि केमोच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. त्यांच्या दाराबाहेर लाइन लागलेली होती, आम्हीही उठलो. पण घरी आल्यापासून सगळ्यांच्या डोक्यात एकच : चारपैकी तिसरी. आई धड जेवत नाही.

रिपोर्टमधलं जमेल तेवढं उतरवते. ॲडेनोकार्सिनोमा, मॉडरेटली डिफरन्शिएटेड, ग्रेड २. पीटी३. लिम्फ नोड १९ तपासले, त्यातल्या २ मध्ये आजार. लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन आहे, पेरिन्यूरल इन्व्हेजन नाही. मार्जिन मोकळे. ट्यूमर डिपॉझिट नाहीत. ऑपरेशनआधीचा सीईए ८.४.

ग्रेड २ लिहिलंय आणि स्टेज ३ सांगितली, यातलं धरायचं कोणतं? आणि बाबांचं पुढे काय, हे या कागदावरून कळू शकतं का? कुणी अनुभवी असेल तर सांगा.

वर्धा_रोडवाला

ताई, माझ्या मोठ्या भावाचं असंच झालं होतं. आधी आईला जेवायला बसवा. या धाग्यावर ‘सूक्ष्मदर्शक’ येतील तर बरं, ते हेच रिपोर्ट लिहितात.

गोंदियाकर

माझे काका चौथ्या स्टेजला आहेत, फक्त लिव्हरमध्ये गेलंय. त्यांच्याबद्दलही विचारायचं आहे. आधी ताईंचं होऊ द्या.

सूक्ष्मदर्शक

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नागपुरातच काम करतो. तुमच्या बाबांचा उपचार मी ठरवू शकत नाही, पण त्या कागदावरची प्रत्येक ओळ कशासाठी असते ते सांगू शकतो. आणि मला मनापासून वाटतं की प्रत्येक घरातल्या एका माणसाने तरी ती समजून घ्यावी. ‘तिसरी’ हा एक आकडा घरी जातो आणि त्या आकड्यामागे दोन पानांची माहिती फाइलमध्ये तशीच राहते. बाबांचं पुढे काय, याचं उत्तर त्या दोन पानांत जास्त आहे.

आधी ग्रेड. पेशी मूळच्या आतड्याच्या पेशींपासून किती बदलल्या आहेत, हे ग्रेड सांगते. आजार कुठवर पोचला, हे स्टेज सांगते. दोन्ही खरे. मॉडरेटली डिफरन्शिएटेड हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे, त्यात वेगळी भीती बाळगण्यासारखं काही नाही.

आता टी. आतड्याच्या भिंतीला थर असतात. आतल्या अस्तराखालच्या थरापर्यंतच गाठ असेल तर टी१, स्नायूच्या थरात शिरली तर टी२, स्नायू ओलांडून बाहेरच्या चरबीत गेली तर टी३. पोटाच्या आतल्या पातळ आवरणापर्यंत पोचली तर टी४ए, आणि शेजारच्या अवयवाला चिकटून त्यात शिरली तर टी४बी. लोक गाठ किती सेंटिमीटरची हे विचारतात. मोठ्या आतड्यात आकारावर टी ठरत नाही, खोलीवर ठरतो. सहा सेंटिमीटरची गाठ टी२ असू शकते आणि तीन सेंटिमीटरची टी४.

एन म्हणजे लिम्फ नोड, आतड्याजवळच्या लसिकेच्या बारीक ग्रंथी. एका नोडमध्ये आजार असेल तर एन१ए, दोन किंवा तीनमध्ये एन१बी. नोडमध्ये काही नाही पण आसपासच्या चरबीत कॅन्सरचे सुटे पुंजके सापडले तर एन१सी. तुमच्या रिपोर्टमधले ‘ट्यूमर डिपॉझिट’ ते हेच, आणि ते नाहीत. चार ते सहा असतील तर एन२ए, सात किंवा जास्त असतील तर एन२बी. एम म्हणजे दूर पसरणं. सीटी साफ आहे, म्हणून एम०.

टी३, एन१बी, एम०. टीएनएम वर्गवारीच्या आठव्या आवृत्तीत हे ‘३बी’ होतं. ‘तिसरी’ मध्ये ३ए, ३बी, ३सी असे तीन गट आहेत आणि त्यांत खूप अंतर आहे. ३ए म्हणजे बहुतेक वेळा गाठ भिंतीच्या आत आणि एक ते तीन नोड. ३सी मध्ये खोल गेलेली गाठ आणि पुष्कळ नोड. दोघांनाही दवाखान्यात ‘तिसरी’च म्हणतात.

आणखी एक सांगतो, कारण ‘चारपैकी तिसरी’ हा हिशोब फार छळतो. हे आकडे सरळ चढत जात नाहीत. २सी, म्हणजे शेजारच्या अवयवात शिरलेली पण नोड साफ असलेली गाठ, तिचे निकाल ३ए पेक्षा वाईट असतात. दुसऱ्या स्टेजचा माणूस तिसऱ्या स्टेजच्या माणसापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो.

आता माझ्या मते तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात दिलासा देणारी ओळ : ‘१९ पैकी’. सर्जननी काढलेलं आतडं आमच्याकडे फॉर्मालिनच्या डब्यात येतं. त्याला चरबीचा मोठा पदर लागलेला असतो. ती चरबी पातळ-पातळ चिरून, बोटांच्या चिमटीत दाबत आम्ही नोड शोधतो. कित्येक नोड मसुराच्या दाण्याएवढे असतात, आणि आजार अशा बारक्या नोडमध्येही असतो. किमान १२ नोड तपासले गेले पाहिजेत असा जगभरचा दंडक आहे. कुणाचे सहाच सापडले आणि सहाही साफ निघाले, तर ‘नोड साफ’ या शब्दांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. न सापडलेल्यांत काय होतं कोण सांगणार? तुमच्याकडे १९ आहेत. म्हणजे सर्जननी नीट काढलं आणि टेबलावर कुणीतरी बसून नीट शोधलं. ‘दोनच’ हे त्यामुळे विश्वासाने म्हणता येतं.

लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी दिसणं. ते आहे, आणि ही ओळ तुमच्या बाजूची नाही. पण नोडमध्ये आजार आहे म्हटल्यावर पेशी त्या वाटेने गेल्या हे आपल्याला ठाऊकच होतं. नसांच्या कडेने पसरणं, म्हणजे पेरिन्यूरल, नाही. मार्जिन, म्हणजे कापलेल्या कडा, मोकळे. सीईए म्हणजे या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन, ऑपरेशनआधी तो ५ च्या वर होता. तो आता खाली आला का, हे पुन्हा तपासून घ्या. ऑपरेशननंतर तो उतरायला हवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. एमएमआर किंवा एमएसआयची तपासणी झाली आहे का? रिपोर्टच्या शेवटी एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ अशी चार नावं आहेत का बघा. नसतील तर त्याच ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावर) ती करून घ्या, नवीन तुकडा लागत नाही. मोठ्या आतड्याच्या प्रत्येक कॅन्सरमध्ये ही तपासणी व्हायला हवी. ही माहिती नसताना केमो ठरवणं मला स्वतःला पटत नाही.

काटोलची_लेक

डॉक्टरसाहेब, दोनदा वाचलं आणि मग आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती चार नावं रिपोर्टमध्ये नाहीत. उद्याच विचारते. पण ही तपासणी नेमकी सांगते काय?

रामटेकची_धाकटी

हे मी सांगते, आमच्या घरी याच तपासणीने सगळं बदललं. माझी मोठी बहीण ४२ वर्षांची. उजव्या बाजूचाच आजार, टी३, नोड सगळे साफ, म्हणजे दुसरी स्टेज. वय कमी म्हणून घरच्यांचा आग्रह होता की केमो द्याच, जोराचं द्या. एमएमआर केलं तर एमएसएच२ आणि एमएसएच६ ही दोन प्रथिनं गायब निघाली. केमोच्या डॉक्टरांनी समजावलं की पेशीत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी एक यंत्रणा असते, ती बंद पडली की गाठीत भरमसाट चुका साचतात. अशी गाठ शरीराच्या प्रतिकारशक्तीला लवकर ओळखू येते, म्हणून दुसऱ्या स्टेजमध्ये असे रुग्ण उलट चांगले राहतात. शिवाय नुसत्या ५-एफयू प्रकारच्या केमोचा त्यांना फायदा होत नाही. ताईला केमो दिलंच नाही, नुसती तपासणी चालू आहे.

पण दुसरी बाजू अशी की हा दोष जन्मापासून रक्तात असू शकतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. रक्ताची जनुकीय चाचणी केली, ताईची पॉझिटिव्ह. मग आम्हा बाकी भावंडांच्याही चाचण्या झाल्या. माझीही पॉझिटिव्ह आली. आता मला ठरावीक काळाने दुर्बीण करून घ्यावी लागते, आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरकडेही लक्ष ठेवावं लागतं. पहिल्या दुर्बिणीत एक पॉलिप निघाला, तो तिथल्या तिथे काढला. ताईचा रिपोर्ट कुणी नीट वाचला नसता तर माझा पॉलिप तसाच वाढत बसला असता.

सूक्ष्मदर्शक

ताईंनी अचूक लिहिलं. एकच भर. तिसऱ्या स्टेजमध्ये एमएमआर बिघडलेलं असेल तरी केमो टळत नाही, पण त्यात ऑक्सॅलिप्लॅटिन असायला हवं. आणि २०२५ मध्ये सादर झालेल्या ‘ॲटॉमिक’ या चाचणीत अशा तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांना केमोसोबत ॲटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, तेव्हा तीन वर्षांनी आजार न परतलेल्यांचं प्रमाण सुमारे ७७ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेलं. औषध अतिशय महाग आहे, आपल्याकडे सगळ्यांना झेपणारं नाही. पण आपली गाठ कोणत्या जातीची आहे, हे माहीत असण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

सावजी_प्रेमी

मला थेट विचारू द्या. तिसऱ्या स्टेजमध्ये किती टक्के लोक वाचतात? डॉक्टर लोक आकडा सांगत नाहीत, फिरवून-फिरवून बोलतात.

सूक्ष्मदर्शक

विचारणं रास्त आहे. अमेरिकेतल्या नोंदींनुसार, आजार आतड्यापुरताच असेल तर पाच वर्षांनी सुमारे ९० टक्के रुग्ण हयात असतात. शेजारच्या नोड किंवा अवयवांपर्यंत गेला असेल तर ७० ते ७५ टक्के. दूर पसरलेला असेल तर १३ ते १६ टक्के. (वयोमानाने इतर कारणांनी होणारे मृत्यू वजा करून हे हिशोब होतात.)

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, पाच वर्षांनंतरचा हिशोब आज द्यायचा तर रुग्ण पाच-सात वर्षांपूर्वीचे घ्यावे लागतात, म्हणजे उपचारही तेव्हाचे. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. ‘७० ते ७५’ मध्ये एक नोडवालाही आहे आणि दहा नोडवालाही, पंचेचाळिशीतला धडधाकट माणूस आहे आणि ऐंशीचे डायलिसिसवरचे आजोबाही. तो त्या सगळ्या घोळक्याचा आकडा आहे. डॉक्टर आकडा टाळतात तेव्हा काही वेळा लपवत असतीलही, पण बहुतेक वेळा त्यांना हा घोळका दिसत असतो आणि समोर एकच माणूस बसलेला असतो.

उमरेड१९६८

त्या घोळक्यातला एक मी. डाव्या बाजूचा, टी४ए, पाच नोड. म्हणजे ३सी. आतडं पूर्ण बंद पडल्यावर रात्री भरती झालो, तेव्हाच ऑपरेशन करावं लागलं, पोटाला पिशवी लावली होती. नोडमध्ये आजार, वर आतडं बंद पडलेलं, माझ्याकडे सगळ्याच वाईट खुणा होत्या. सहा महिन्यांचं केमो घेतलं. पिशवी नंतर निघाली. पाच वर्षांची तपासणी मागच्या वर्षी संपली, सगळं साफ. माझ्यासोबत केमो घेणारे एक गुरुजी होते, त्यांचे दोनच नोड होते, ते आज नाहीत. म्हणून ताई, आईला सांगा की कागद कितीही चांगला वाचला तरी तो एका माणसाचं भविष्य लिहीत नाही. पण वाचायचा जरूर, कारण काय-काय करून घ्यायचं राहिलं आहे ते त्यातूनच कळतं.

तुमसर_वैद्यबुवा

केमोने माणूस अर्धा मरतो. आमच्याकडे एक काढा आहे, कित्येकांना गुण आला आहे. ऑपरेशन झालंच आहे तर आता शरीर शुद्ध करा. व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो.

केमो_वॉर्डातली_ताई

बुवा, राग मानू नका, पण हे इथे नको. मी कॅन्सरच्या दवाखान्यात परिचारिका आहे. मध्येच उपचार सोडून गेलेले आणि पोट फुगल्यावर परत आलेले रुग्ण मी हातांनी सांभाळले आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या अभ्यासात, प्रमाणित उपचार टाळून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या मोठ्या आतड्याच्या रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पट निघाला होता. केमोसोबत काढा घेतला तर लिव्हर कशाने बिघडली हेही कळत नाही. ताई, बाबांना कुणी काही पाजत असेल तर केमोच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लपवू नका.

आणि ऑपरेशननंतर केमो सुरू करायला फार उशीर करू नका. जखम भरली, माणूस खाऊ लागला की सुरू करतात. आठ आठवड्यांच्या आत व्हायला हवं. लग्न आहे, पीक काढायचं आहे म्हणून लोक पुढे ढकलतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

काटोलची_लेक

ताई, एक अडचण आहे. बाबांना आम्ही कॅन्सर सांगितलेलाच नाही. गाठ होती, काढली, एवढंच माहीत आहे. मोठे काका म्हणतात सांगू नका, खचून जातील. केमोला काय सांगून न्यायचं?

केमो_वॉर्डातली_ताई

कॅन्सरच्या दवाखान्याची पाटी बाबांना वाचता येते. वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूस पाच मिनिटांत विचारतो, “तुमचा कशाचा?” मग त्यांना तिथे, परक्यांत कळतं, आणि घरच्यांनी लपवलं हे वेगळं लागतं.

दुसरं असं की त्यांना माहीत नसेल तर ते त्रास सांगणार नाहीत. हाताला मुंग्या येतात, शर्टाचं बटण लागत नाही, पायाला जमीन कळत नाही, हे त्यांनी वेळेवर सांगितलं तर डोस कमी करता येतो. अंगावर काढलं तर तो बधिरपणा कायमचा राहू शकतो. शेतकरी माणूस आहे, हातापायांवर सगळं चालतं. काकांना एवढं सांगून बघा. आणि बाबांना सांगताना ‘गाठ पूर्ण निघाली आहे, परत येऊ नये म्हणून औषध’ असं सांगा, कारण खरं तेच आहे.

वर्धा_रोडवाला

माझ्या भावाला मी सांगितलं होतं. तो म्हणे, “मले दुर्बिणीच्या दिवशीच समजलं होतं, तुम्ही लोकं काहून भेऊन राहिले?” घरातलं सगळं वातावरण त्या दिवसापासून मोकळं झालं.

गोंदियाकर

आता काकांचं विचारू का? डाव्या बाजूचा कॅन्सर, लिव्हरमध्ये तीन गाठी, बाकी कुठे नाही. एका ठिकाणी “घरी न्या, सेवा करा” म्हणाले. काका ५५ वर्षांचे आहेत, स्वतः सायकल चालवतात.

सूक्ष्मदर्शक

चौथ्या स्टेजमध्येही फरक आहेत. एकाच अवयवात गेलं असेल तर एम१ए, दोन किंवा जास्त अवयवांत गेलं तर एम१बी, पोटाच्या आवरणावर पसरलं तर एम१सी. काकांचं एम१ए. लिव्हरमधल्या मोजक्या गाठी ऑपरेशनने काढता येतात, काही वेळा आधी केमोने लहान करून काढतात, आणि अशा निवडक रुग्णांत काही जण पूर्ण बरे झालेले आहेत. आतड्याच्या कॅन्सरचं हे वेगळेपण आहे, इतर पुष्कळ कॅन्सरमध्ये चौथ्या स्टेजला हा पर्याय नसतो. म्हणून लिव्हरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननी सीटी बघितल्याशिवाय ‘घरी न्या’ हा शब्द शेवटचा मानू नका.

गाठीवर आरएएस, बीआरएएफ (ही जनुकांची नावं) आणि एमएमआर या तपासण्या करून घ्या. आरएएसमध्ये बदल नसेल आणि गाठ डाव्या बाजूची असेल तर सेटुक्सिमॅबसारख्या औषधांचा चांगला उपयोग होतो. बदल असेल तर ती औषधं चालतच नाहीत, पैसा वाया जातो. बीआरएएफ व्ही६००ई हा बदल असेल तर आजार जोरकस असतो. एमएमआर बिघडलेलं असेल तर पेम्ब्रोलिझुमॅब हे केमोपेक्षा सरस ठरलं आहे. आणि काका सायकल चालवतात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. रुग्ण किती हिंडता-फिरता आहे, वजन किती उतरलं, रक्तात अल्ब्युमिन किती आहे, यावरही पुढचं बरंच ठरतं.

गोंदियाकर

खूप आभार. नागपुरात कुठे दाखवू? खर्चाचीही पंचाईत आहे.

वर्धा_रोडवाला

मानेवाडा रोडचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानमधलं एम्स, आणि मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), या चार ठिकाणी पूर्व विदर्भातले लोक जातात. गोंदियाहून रेल्वेने या. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो बसतं. रेशन कार्ड, आधार आणि सगळे रिपोर्ट आणा. पोचल्याबरोबर आरोग्यमित्राला भेटा, मग डॉक्टरची लाइन. बायोप्सीचे ब्लॉक आणि काचाही जुन्या दवाखान्यातून मागून आणा. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर दुसरं मत नीट मिळत नाही.

काटोलची_लेक

मंडळी, आज केमोच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. एमएमआरचा रिपोर्टही हातात होता, चारही प्रथिनं शाबूत आहेत. सीईए २ वर आला. बाबांना परवा सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग विचारलं, “बहार धरायच्या आत होईल का?”

डॉक्टरांनी दोन औषधांचं केमो सांगितलं : ऑक्सॅलिप्लॅटिनची सलाईन आणि कॅपेसिटाबीनच्या गोळ्या, तीन महिने. काका म्हणतात, उमरेडच्या भाऊंना सहा महिने दिलं मग आपल्याला तीनच का? सरकारी योजनेतलं म्हणून कमी देत आहेत का?

सूक्ष्मदर्शक

मुळीच नाही. हे जगभर असंच ठरलं आहे. २०१८ मध्ये सहा चाचण्यांचा एकत्र अभ्यास ‘आयडिया’ नावाने आला, १२,८०० च्या वर तिसऱ्या स्टेजचे रुग्ण. त्यात टी१ ते टी३ आणि एन१ अशा रुग्णांत, तुमच्या बाबांना सांगितलेलं हेच दोन औषधांचं केमो तीन महिने आणि सहा महिने, यांत तीन वर्षांनी फरक जवळपास नव्हता : ८५ आणि ८३ टक्के आजारमुक्त. पण हातापायांचा त्रासदायक बधिरपणा तीन महिन्यांत साधारण १५ टक्क्यांना आणि सहा महिन्यांत ४५ टक्क्यांना झाला. टी४ किंवा एन२ असेल तर मात्र सहा महिन्यांकडे कल असतो, आणि उमरेडच्या भाऊंचं दोन्ही होतं. बघा, एका ‘तिसरी’ शब्दाखाली दोन वेगळे उपचार.

केमो_वॉर्डातली_ताई

आता उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून आधीच सांगते. ऑक्सॅलिप्लॅटिनच्या सलाईननंतर पहिले चार-पाच दिवस गार काही चालत नाही. फ्रिजचं पाणी, बर्फाचा गोळा, उसाचा रस, ताक गार करून, काही नाही. माठातलंही नको, साधं किंवा कोमट प्या. गार घोट घेतला की घसा आवळल्यासारखा होतो आणि माणूस घाबरतो. कूलरचा थेट झोत अंगावर नको, कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. सकाळी गार लोखंडी नळाला हात लावला तरी झिणझिण्या येतात.

गोळ्या जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत. जुलाब सुरू झाले आणि दिवसात चार-पाच वेळा जास्त जावं लागलं, तर गोळ्या थांबवून दवाखान्यात फोन करा. नागपूरच्या मे महिन्यात जुलाब आणि ऊन एकत्र आले तर अंगातलं पाणी फार लवकर उतरतं. ताप आला तर रात्र काढू नका. तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, त्यांना आतापासून खोबरेल किंवा डॉक्टर देतील ते मलम लावत जा.

उमरेड१९६८

आणि चालायला लावा. माझे डॉक्टर तेव्हा नुसतं सांगायचे, आता तर पुरावाच आला आहे.

सूक्ष्मदर्शक

भाऊ म्हणतात तो पुरावा म्हणजे २०२५ मधली ‘चॅलेंज’ चाचणी. केमो संपलेले ८८९ रुग्ण, बहुतेक तिसऱ्या स्टेजचे. निम्म्यांना तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम, निम्म्यांना फक्त पुस्तिका. आठ वर्षांनी व्यायामवाल्यांपैकी ९० टक्के हयात होते, दुसऱ्यांपैकी ८३ टक्के. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालावं, एवढाच तो व्यायाम. एखाद्या औषधाने एवढा फरक पाडला असता तर त्याची किंमत लाखांत असती. बाबांना बागेत फिरू द्या, पण ते फिरणं भरभर असायला हवं.

केमोनंतर पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए आणि तपासणी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. सीटी सहा ते बारा महिन्यांनी. दुर्बीण ऑपरेशनला एक वर्ष झालं की. आजार परतायचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच परततो, म्हणून बरं वाटतंय म्हणून या तारखा चुकवू नका.

काटोलची_लेक

सगळं वहीत लिहून घेतलं. शेवटचं विचारते. मी ३८, धाकटा भाऊ ३४. आम्हीही दुर्बीण करायची का? भावाला अधूनमधून शौचातून रक्त जातं, तो मूळव्याध म्हणून सोडून देतो.

सूक्ष्मदर्शक

बाबांचं एमएमआर शाबूत आहे, त्यामुळे लिंचची शक्यता बरीच कमी. तरी वडिलांना झालेला असल्याने तुम्ही दोघांनी वयाच्या चाळिशीपासून तपासणी सुरू करा. तुम्हाला दोनच वर्षं आहेत.

भावाचं मात्र चाळिशीपर्यंत थांबायचं नाही. ज्याला रक्त जातं त्याच्यासाठी हे वेळापत्रक नसतं. मूळव्याध असेलही, पण ते दुर्बिणीत बघून ठरायला हवं. आपल्याकडे तिशी-पस्तिशीतले रुग्ण पुष्कळ येतात आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी आधी मूळव्याधीचं मलम लावण्यात महिने घालवलेले असतात. भावाला याच आठवड्यात दाखवा आणि वडिलांचा रिपोर्ट सोबत द्या.

काटोलची_लेक

भावाचा नंबर गुरुवारी लावला आहे. बाबांची पहिली सलाईन सोमवारी.